दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि देहाची ऊब

जालन्याच्या वैशाखात कोणी गारठ्याविषयी बोलू लागला, तर ऐकणारास हसू येईल. परंतु लोखंडाच्या भट्टीपुढे उभा राहणारा आमचा कामगार पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजतो, तेव्हा तोही गारठू शकतो. हे वैद्यकाला कसे उमगले, हा इतिहास आम्हां सामान्यांच्याही कामाचा आहे.

१९०१ साली जर्मनीत केलिंग याने कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउसने तसेच माणसाच्या पोटात पाहिल्याचे जाहीर केले. १९८५ मध्ये जर्मनीच्याच म्यूहे याने या वाटेने पित्ताशय काढले. आपल्याकडे हे तंत्र रुजले ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी तेथे १९७२ पासून दुर्बिणीने पोट तपासण्यास आरंभ केला, आणि १९९० मध्ये पित्ताशय काढण्याची देशातील पहिली अशी शस्त्रक्रिया केली. गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात हे घडले, याचे आम्हांस विशेष वाटते. छेद लहान, दुखणे थोडे, माणूस लवकर कामावर! रोजंदारीवाल्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

पोट उघडे पडत नाही, मग ऊब जाईल कोठून, असे कोणासही वाटेल. पण पोट फुगवण्यासाठी जो कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, तो कोरडा आणि खोलीइतकाच थंड असतो. आतल्या ओलाव्याची त्यात वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. आपला माठ याच नियमाने गार होतो. तरी मोठा चोर निराळाच आहे. भुलीमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, गाभ्यातील ऊब हातापायांकडे वाहते आणि पहिल्या तासातच तापमान एक ते दीड अंश सेल्सिअस उतरू शकते. भुलीत असलेला माणूस कुडकुडतही नाही.

३६ अंशांखाली गेलेले शरीर जंतूंशी नीट झुंजत नाही. १९९६ मध्ये कुर्झ, सेसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गारठलेल्यांत शेकडा १९ जणांची जखम चिघळली. उबदार ठेवलेल्यांत शेकडा ६ जणांचीच. त्या शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या, हे खरे. पण देहाचा धर्म दोन्हीकडे एकच.

उपाय काय? १९८० नंतरच्या दशकात गरम हवा खेळवणारी पांघरुणे आली. २००८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य संस्थेने तापमान वरचेवर मोजावे, रुग्णाला आधीपासून उबदार ठेवावे, शिरेतून द्यावयाचे द्रव गरम करावेत, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये ऊब राखण्याची शिफारस केली. वायूच तापवून व दमट करून भरण्याची यंत्रेही निघाली. पण निरनिराळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा त्यांचा लाभ अल्पच दिसला.

यातून आम्ही एवढेच घेतो : महागड्या यंत्राआधी तापमापक आणि पांघरूण. जखम चिघळली की कामगाराचे खाडे वाढतात आणि घरची चूल मंदावते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी, “आमच्या माणसाला उबदार ठेवाल ना?” असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. भट्टीवर हातमोजे मागण्यात उद्धटपणा नाही, तसाच यातही नाही.