आदर्श कुक्कुट आणि परीक्षकांचे दप्तर

इंग्लंडच्या पार्लमेंटाने 1835 साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारा कायदा संमत करून कोंबड्यांच्या झुंजींचे आखाडे बेकायदा ठरविले, तेव्हा आपण एका पक्ष्याचे प्राण वाचवीत आहोत एवढेच त्या सभागृहाच्या मनात असावे. परंतु त्याच कायद्याने त्या पक्ष्याचे रूपही पालटावयास आरंभ होईल, ही कल्पना कोणास शिवली असेल असे वाटत नाही. तोवर कोंबड्याच्या गुणदोषांचा निवाडा आखाडाच करीत असे. जो जिंकला तो उत्तम आणि त्याचीच संतती पुढे चालवावयाची, असा शतकानुशतकांचा शिरस्ता होता, व त्या शिरस्त्यात पिसांच्या रंगाला किंवा तुऱ्याच्या ठेवणीला यत्किंचितही किंमत नव्हती. आखाडे बंद पडले, परंतु शौकिनांची चुरस बंद पडली नाही; तिने केवळ स्थान बदलले, आणि ज्या कोंबड्याची परीक्षा पूर्वी आरेच्या धारेने होत असे, त्याची परीक्षा आता मेजावर ठेवलेल्या पिंजऱ्यात, मनुष्याच्या दृष्टीने होऊ लागली.

केवळ दृष्टीच्या बळावर पक्षी घडविता येतो, हे त्यापूर्वीच एका इंग्रज सरदाराने सिद्ध करून ठेवले होते. सर जॉन सेब्राइट यांनी 1809 साली पाळीव जनावरांच्या सुधारणेवर एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बुटक्या कोंबड्यांची एक अशी जात निर्माण केली, की तिच्या रुपेरी वा सोनेरी अंगावरील प्रत्येक पिसाला काळ्या रेघेची रेखीव किनार असे, व नराची शेपटी आणि मानेची पिसेही मादीसारखीच आखूड व गोलसर असत. या एकाच जातीसाठी त्यांनी मंडळी जमवून संघ स्थापन केला. कोंबडीच्या एका विशिष्ट जातीसाठी संघ निघाल्याचे ते बहुधा पहिलेच उदाहरण होय. परंतु या जातीच्या नरांत वंध्यत्वाचे प्रमाण पुढे वाढत गेले, आणि सौंदर्यासाठी मोजावयाच्या मूल्याची ती पहिली सूचना होती, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

1845 च्या जून महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात कुक्कुटांचे प्रदर्शन भरले आणि 1849 च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत अमेरिकेतील पहिले मोठे प्रदर्शन झाले. याच सुमारास चीनच्या बंदरांतून आलेल्या, पायांवर पिसे असलेल्या धिप्पाड कोंबड्यांनी दोन्ही देशांतील सधन वर्गाला अक्षरशः वेड लावले. ब्रह्मपुत्रा नदीवरून ज्या जातीला ब्रह्मा हे नाव मिळाले, तिचे नऊ पक्षी जॉर्ज बर्नहॅम नावाच्या एका धूर्त अमेरिकन व्यापाऱ्याने 1852 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीला नजर केले आणि त्या नजराण्याच्या गाजावाजावर आपल्या खुराड्यातील उरलेल्या पक्ष्यांची किंमत कैक पटींनी चढवून घेतली. तीन वर्षांनी याच गृहस्थाने ‘कोंबड्यांच्या ज्वराचा इतिहास’ लिहून आपल्या गिऱ्हाइकांची यथेच्छ थट्टा केली. एकच पक्षी एका गावी शांघाय, दुसऱ्या गावी चितगाव आणि तिसऱ्या गावी ब्रह्मा म्हणून विकला जाई, एका परीक्षकाने बक्षीस दिलेला कोंबडा दुसरा परीक्षक बाद ठरवी, आणि कज्जेतक्रारींना पारावार उरला नाही. आदर्शाचा दस्तऐवज लिहून काढण्याची निकड अशा बाजारी गोंधळातून उत्पन्न झाली.

तो दस्तऐवज प्रथम 1865 साली लंडनच्या पोल्ट्री क्लबने विल्यम टेगेटमायर यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध केला. हे टेगेटमायर म्हणजे चार्ल्स डार्विन यांना कबुतरे व कोंबड्या यांविषयी वर्षानुवर्षे माहिती पुरविणारे त्यांचे विश्वासू साहाय्यक होत. पुढे 1873 साली बफलो शहरी अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची स्थापना झाली व पुढच्याच वर्षी तिचा मानकग्रंथ निघाला, जो आजतागायत नवनव्या आवृत्त्यांनी चालू आहे. अशा ग्रंथांत एकेका जातीच्या तुऱ्याला किती दाते असावेत, कानाच्या पाळीचा रंग कोणता, पाठीचा उतार कसा, पायाला बोटे किती, वजन किती, याचा तपशील कलमवार मुक्रर केलेला असतो, आणि शंभर गुणांची वाटणी करून कोणत्या अवयवाच्या दोषाला किती गुण वजा करावयाचे याचाही हिशेब ठरवून दिलेला असतो.

या लेखी हुकमाचे सामर्थ्य किती होते, हे डार्विननेच नोंदवून ठेवले आहे. काळ्या स्पॅनिश कोंबड्याचा तुरा पूर्वी एका अंगास लोंबत असे. तो ताठ असावा असे परीक्षकांनी ठरविल्यावर चारपाच वर्षांत सर्व चांगल्या कोंबड्यांचे तुरे ताठ झाले. परंतु याच जातीच्या शुभ्र मुखाविषयी जो हव्यास उत्पन्न झाला, त्याचे फळ शोचनीय ठरले. मोठी पांढरी अंडी विपुल देणारी ही जात; तिच्या चेहऱ्यावरील पांढऱ्या कातडीचा विस्तार पिढ्यान्‌पिढ्या वाढवीत नेण्यात आला, तो इतका की ती कातडी डोळ्यांवर ओघळू लागली, पिल्ले नाजूक निपजू लागली, आणि अंड्यांसाठी वाखाणलेली कोंबडी केवळ प्रदर्शनाची शोभा होऊन बसली. निळ्या अँडालुशियन कोंबडीची कथा याहून निराळी आहे. तिचा निळा रंग ग्रंथाने आदर्श ठरविला, परंतु निळ्या जोडीपासून निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव मळकट पांढरी निपजत, आणि ही काळीपांढरी पिल्ले रक्तातील भेसळीची साक्ष मानून पाळणारे ती निकालात काढीत. 1900 साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले, पुढे बेटसनप्रभृती शास्त्रज्ञांनी ते कोंबड्यांना लावून पाहिले, आणि तेव्हा उलगडा झाला की निळा रंग हा दोन घटकांचा संयोगच असल्यामुळे तो कधीच शुद्ध राहू शकत नाही. उलट ज्या काळ्यापांढऱ्या पिल्लांना टाकाऊ ठरविले, त्यांचीच जोडी लावली असता सगळी संतती निळी निपजते. ग्रंथाने निसर्गाला जी आज्ञा केली होती, ती पाळणे निसर्गाच्या स्वाधीन नव्हते.

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशात येऊन पोहोचतो. भारतातील झुंजार असील कोंबडा इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांती नेऊन तेथील झुंजीच्या व मलायी जातींशी त्याचा संकर करण्यात आला, आणि त्यातून ‘इंडियन गेम’ नावाची जात निघाली. बोडमिनचे सर वॉल्टर गिल्बर्ट यांना तिच्या आरंभाचे श्रेय देण्यात येते. झुंजीस ती जड ठरली; परंतु तिची छाती अशी रुंद व मांसल, की अमेरिकेत ‘कॉर्निश’ या नावाने ती मानकग्रंथात दाखल झाली आणि विसाव्या शतकात मांसासाठी केलेल्या संकरांची पितृशाखा बनली. 1946 ते 1948 या काळात अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाची स्पर्धा झाली, तेव्हा परीक्षकांपुढे रंगाचा वा तुऱ्याचा तपशील नव्हता. सोललेल्या आदर्श कोंबडीची मेणाची प्रतिकृती होती, आणि आलेल्या कोंबड्या तिच्याशी ताडून पाहावयाच्या होत्या. राष्ट्रीय अंतिम फेरीत कॉर्निश रक्ताचा संकर विजयी झाला. आज पुण्यामुंबईच्या दुकानांत टांगलेल्या ब्रॉयलरच्या वंशवृक्षात असीलच्या रक्ताचा अंश असा साता समुद्रांची प्रदक्षिणा करून परतला आहे. मात्र या संकराचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्याला दर खेपेस पिल्ले उबवणी केंद्रातूनच विकत आणावी लागतात. पैदाशीचा जो अधिकार पूर्वी अंगणात होता तो कंपनीच्या दप्तरात गेला.

ज्या प्रदर्शनवाल्यांना उपयुक्ततावादी लोक हौशी म्हणून हसत, त्यांच्याच खुराड्यांत जुन्या जाती या संकरित कोंबड्यांच्या लोंढ्यातून तगल्या, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सीने वारसा जातीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मानकग्रंथाशी जुळणाऱ्या रूपासोबत स्वाभाविक समागमाने प्रजनन, मोकळ्या रानात दीर्घ काळ टिकणारे आयुष्य आणि सोळा आठवड्यांहून कमी अवधीत विक्रीयोग्य न होणारी सावकाश वाढ याही अटी घातल्या आहेत. दीडशे वर्षांच्या अनुभवाने शिकविलेले हे शहाणपण होय. आदर्श लिहून ठेवल्यावाचून जात टिकत नाही, आणि केवळ डोळ्याला दिसेल तेवढाच आदर्श लिहिला तर जातीचा जीव टिकत नाही.

आपल्याकडे नंदुरबार आणि लगतच्या गुजरातेतील आदिवासी पाड्यांवर पाळली जाणारी, नाना रंगांची बुसरा कोंबडी कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत स्वतंत्र जात म्हणून दाखल आहे. उद्या कोणी तिचे मानकपत्रक लिहावयास बसला, तर त्याने रंगाचे कलम शेवटी घालावे, आणि ती किती रोगांना तोंड देते, खुडूक बसून किती पिल्ले जगविते व उकिरड्यावरच्या दाण्यावर कशी निभावते, ही कलमे पहिल्याने लिहावीत. आणि तीही तिला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या बायाबापड्यांना विचारूनच लिहावीत.