दोन सारख्या ओळी : डेबियन आणि ओपनएसएसएल, २००६ ते २००८ 🧵

१/ १३ मे २००८ रोजी डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या सुरक्षा पथकाने एक सूचना प्रसिद्ध केली. सप्टेंबर २००६ पासून या प्रणालीवर ओपनएसएसएलच्या साहाय्याने घडवलेल्या गुप्तकिल्ल्या निकामी समजाव्यात, असा तिचा आशय होता. या अनर्थामागे ना घुसखोर होता, ना फितुरी. कोड स्वच्छ करण्याच्या प्रामाणिक हेतूने दोन ओळी वगळल्या गेल्या होत्या. त्या दोन ओळींचा हा इतिहास.

२/ ओपनएसएसएल सी भाषेत लिहिलेले आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकारंभी घडवलेल्या या भाषेत मेमरीचा हिशेब प्रोग्रामरनेच ठेवायचा असतो. माहिती ठेवण्यासाठी राखलेला मेमरीचा सलग तुकडा म्हणजे बफर. नवा बफर कोरा असतोच असे नाही. आधीच्या वापराचे अवशेष त्यात पडून असू शकतात. तो न भरताच वाचणे म्हणजे दुसऱ्याच्या पाटीवरचे अर्धवट पुसलेले आकडे आपल्या बेरजेत धरणे.

३/ असे दोष नजरेला दिसत नाहीत. म्हणून ते हुडकणारी साधने निर्माण झाली. १९९०च्या दशकारंभी रीड हेस्टिंग्ज यांनी 'प्युरिफाय' बाजारात आणले. हेच हेस्टिंग्ज पुढे १९९७ साली नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक झाले. २००२ साली ज्युलियन सीवर्ड यांचे 'व्हॅलग्राइंड' आले. नाव नॉर्स पुराणकथांतील वल्हालाच्या प्रवेशद्वाराचे. प्रोग्रामचा निर्णय न भरलेल्या मेमरीवर अवलंबून राहू लागला, की व्हॅलग्राइंड इशारा देते.

४/ आता ओपनएसएसएलकडे वळू. गुप्तकिल्ली घडवण्यासाठी ज्यांचा अंदाज बांधता येणार नाही असे आकडे लागतात. ओपनएसएसएल ते एका साठ्यातून काढीत असे. साठ्यात भर घालणारे एक फंक्शन होते आणि त्यातून आकडे काढून देणारे दुसरे. दोन्हींत एक ओळ हुबेहूब सारखी होती : 'बफ' नावाच्या बफरातील मजकूर मिश्रणात घाला.

५/ ओळ एक, अर्थ मात्र दोन. आकडे काढून देणाऱ्या फंक्शनमध्ये 'बफ' हे मागणाऱ्याने पुढे केलेले रिकामे भांडे होते. त्याच्या तळाशी जे काही असेल तेही मिश्रणात टाकले जाई, इतकेच. ही ओळ गेली तरी बिघडण्यासारखे काही नव्हते. प्युरिफाय तिच्याविषयी तक्रार करते, हे मूळ लेखकांना ठाऊक होते आणि चाचणीपुरती ती वगळण्याची सोयही त्यांनी करून ठेवली होती.

६/ भर घालणाऱ्या फंक्शनमध्ये मात्र 'बफ' म्हणजे बाहेरून आलेले धान्याचे पोतेच. साठ्यात जे काही पडे, ते त्याच ओळीतून. तेथे हे महत्त्व सांगणारी टीप कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

७/ मग व्हॅलग्राइंडने या ओळीकडेही बोट का दाखवले? कारण ओपनएसएसएलच्याच कोडमध्ये एके ठिकाणी बफर अपुरा भरलेला असला तरी पूर्ण लांबीनिशी पुढे दिला जाई. उणीव देणाऱ्याची होती, इशारा घेणाऱ्याच्या दारात उमटत होता. शिवाय या साठ्यातून निघालेला प्रत्येक आकडा संशयित ठरे. परिणामी ओपनएसएसएल वापरणाऱ्या प्रोग्रामची चाचणी घेताना इशाऱ्यांचा पूर येई आणि खरे दोष त्यात बुडून जात.

८/ एप्रिल २००६ मध्ये डेबियनकडे ही तक्रार नोंदवली गेली. देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाने मूळ प्रकल्पाच्या विकसकांना दोन्ही ओळींविषयी विचारलेही. दोष शोधण्यास मदत होणार असेल तर काढण्यास अनुकूलता आहे, अशा अर्थाचे उत्तर आले. मे महिन्यात दोन्ही ओळी निष्क्रिय झाल्या. सप्टेंबरात हा बदल वितरित झाला आणि एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४.० सोबत सर्वदूर पोहोचला. डेबियनवर आधारलेली उबंटूही त्यातून सुटली नाही.

९/ इशारे थांबले. त्यांच्याबरोबर साठ्याची आवकही थांबली. बदलते असे उरले केवळ चालू प्रोसेसचा क्रमांक, आणि लिनक्सवर तो सामान्यतः ३२,७६८ च्या आतच असे. म्हणजे ठरावीक प्रकारच्या संगणकावर, ठरावीक जातीच्या आणि लांबीच्या जास्तीत जास्त ३२,७६७ किल्ल्या. दोष उघड झाल्यावर प्रचलित लांबीच्या अशा सर्व किल्ल्या काही तासांत घडवून दाखवण्यात आल्या.

१०/ जवळजवळ वीस महिने हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? कारण प्रत्येक किल्ली आपले कुलूप बिनतक्रार उघडत होती. एकेकटी पाहिली तर ती निर्दोष दिसे. तीच किल्ली जगात इतरत्रही आहे, हे शोधणारी चाचणी कोणी लिहिलेलीच नव्हती. अखेर डेबियनचे अर्जेंटिनी विकसक लुसियानो बेलो यांनी हा दोष उघडकीस आणला.

११/ निस्तरणे सोपे नव्हते. दुबळ्या किल्ल्यांच्या काळ्या याद्या वाटल्या गेल्या, असंख्य सर्व्हरवर नव्या किल्ल्या घडवाव्या लागल्या. डीएसए पद्धतीची किल्ली तर अन्यत्र नीट घडवलेली असली, तरी बाधित यंत्रावर सही करण्यासाठी एकदा वापरली असल्यास बाद ठरली. कारण त्या पद्धतीत प्रत्येक सहीला नवा, गुप्त आकडा लागतो.

१२/ स्वच्छतेची मागणी चुकीची नव्हती. बफर जेथे अपुरा भरला जात होता तेथे तो पूर्ण भरणे, किंवा भरला तेवढाच पुढे देणे, हा सरळ उपाय होता. दुसऱ्या ओळीसाठी चाचणीपुरती सोय आधीच होती. दोन ओळींचे दोन स्वतंत्र निर्णय व्हायला हवे होते. अक्षरे सारखी दिसल्यामुळे ते एकत्र झाले.

१३/ दोन कागदांत एकच शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ एकच, असे इतिहासाचा अभ्यासक धरून चालत नाही. कोणी लिहिले, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, हे तो आधी विचारतो. मे २००६ मध्ये त्या दुसऱ्या 'बफ'ला हाच प्रश्न विचारायचा राहून गेला : तू भरून आलास, की भरून घ्यायला आलास?

#थ्रेड #इतिहास #संगणकाचा_इतिहास