छिद्रांतून उमललेली फुले : फॅशनमधल्या संगणकाची पूर्वकथा (थ्रेड)

फॅशन आणि संगणक हे शब्द एकत्र आले की आपल्याला थ्रीडी प्रिंटरवर छापलेले झगे आठवतात. आयरिस व्हॅन हर्पेन या डच डिझायनरने २०१० साली असा पोशाख मंचावर आणला, तेव्हा तंत्रज्ञान प्रथमच वस्त्रकलेच्या दारी आल्यासारखे अनेकांना वाटले. इतिहासातली वाट मात्र उलटी आहे. संगणकाची एक मूळ कल्पना मागावरूनच उतरली.

नक्षीदार कापडाचा प्रश्न एकच असतो : आडवा धागा टाकण्यापूर्वी उभ्या धाग्यांपैकी नेमके कोणते उचलायचे? अठराव्या शतकात फ्रान्समधील लिआँ शहरात विणकराच्या जोडीला एक मदतनीस दोऱ्यांचे जुडगे ओढत बसे. बनारसचे नक्शाबंद कारागीर तर अख्खी नक्षी आधी दोऱ्यांतच बांधून ठेवत. तो ‘जाला’ मागावर चढवला की तीच नक्षी पुन्हा पुन्हा विणता येई. (स्मृती दोऱ्यात साठवण्याची ही युक्ती आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसते, कोण जाणे!)

१७२५ साली बाझील बूशोंने छिद्रे पाडलेला कागद मागाला जोडला. पुढे फाल्कोंने कार्डे आणली, व्होकांसोंने यंत्रणा स्वयंचलित करून पाहिली, आणि १८०४ मध्ये जोसेफ-मारी जॅकार्डने या साऱ्यांचा मेळ घातला. म्हणूनच ‘जॅकार्डचा शोध’ हे शब्द मला थोडे अन्यायकारक वाटतात.

एका आडव्या धाग्यासाठी एक कार्ड. छिद्रातून सुई आरपार गेली, तर तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलतो. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा बाजूला सरतो, धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही. तिसरा पर्याय नाही.

यातून सर्जनशीलतेचा विस्तार झाला, हे खरे. पण कोणाच्या? चौकटींच्या कागदावर नक्षी रंगवणाऱ्या आरेखकाच्या. त्याची प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एक छेद, आजच्या भाषेत पिक्सेल. १८३९ मध्ये लिआँत खुद्द जॅकार्डचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून लंडनच्या घरी लावली होती. त्याच्या नियोजित ‘ॲनालिटिकल इंजिन’ला आज्ञा मिळणार होत्या त्या अशाच कार्डांतून. एडा लव्हलेसने १८४३ च्या टिपणांत या यंत्राच्या गणिताची तुलना जॅकार्डच्या मागावरील पानाफुलांशी केली, ती उगाच नव्हे.

मागावर बसलेल्याच्या हाती मात्र निर्णय कमी उरले. (लिआँच्या विणकरांचा १८३१ चा उठाव यंत्राविरुद्ध होता, असे सर्रास सांगितले जाते. तो मजुरीच्या किमान दरासाठी होता.)

पुढचा टप्पा थोडक्यात. १९८३ मध्ये ‘बोनास’ या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आणले आणि कार्डांच्या जागी फाईल आली. नक्षीत बदल करायचा तर कार्डांची नवी चळत छेदायची गरज उरली नाही. पडद्यावर चार चौकटी पुसल्या की झाले.

१९९८ मध्ये जपानच्या इस्से मियाके आणि दाई फुजिवारा यांनी ‘ए-पॉक’ सादर केले, आणि निर्णयाची जागा पुन्हा हलली. संगणकनियंत्रित यंत्रावर विणलेली कापडाची नळी, आणि पोशाखाच्या बाह्यरेषा तिच्यात आधीच विणलेल्या. घेणाऱ्याने कात्री चालवून कपडा मोकळा करायचा. कडा उसवत नाहीत. बाही किती लांब ठेवायची, गळा किती खोल, हे जिच्या अंगावर कपडा चढणार तीच ठरवते. विणकर इथेही कुठे दिसत नाही, हे लक्षात घ्यावे.

तो दिसतो येवल्यात. हातविणीच्या पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते. रंगाच्या सीमेवर आडवा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो, म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्याच्या पिसाऱ्यातली छटा नेमकी कोणत्या धाग्याला बदलायची, हे ठरवणारे हात मागावरच असतात. जॅकार्डवर विणलेल्या नकलेत मात्र नक्षीला न लागणारे धागे पदराच्या मागून धावत जातात. जाणत्या बायका दुकानात पैठणी हाती आली की आधी पदर उलटून पाहतात, त्या याच धाग्यांसाठी.