शोडाउन (ऑस्ट्रेलियन फुटबॉल)

शोडाउन : दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथील ॲडलेड फुटबॉल क्लब (क्रोज) आणि पोर्ट ॲडलेड फुटबॉल क्लब (पॉवर) यांच्यातील ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना. पहिला शोडाउन 20 एप्रिल 1997 रोजी झाला. तेव्हापासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या (एएफएल) हंगामात हे संघ सहसा दोनदा समोरासमोर येतात. कोविडमुळे आखडलेल्या 2020 च्या हंगामात मात्र एकच सामना झाला. पर्थ, सिडनी आणि ब्रिस्बेनच्या परिसरातही स्थानिक संघांच्या अशा लढती आहेत. परंतु चाहत्यांच्या मनात खोल रुजलेले वैर आणि तरीही एकाच घरात नांदणारी दोन्ही रंगांची माणसे, हे चित्र ॲडलेडइतके ठसठशीत दुसरीकडे दिसत नाही.

हा खेळ लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येकी 18 खेळाडूंच्या संघांत खेळतात. चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने पाठवला की गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या आखूड खांबाच्या आतून गेला किंवा उंच खांबाला लागला तर 1 गुण. चार सत्रे असतात आणि प्रत्येक सत्र भोंग्याने संपते. भोंगा वाजण्यापूर्वी खेळाडूने चेंडू झेलला असेल किंवा त्याला फ्री किक मिळाली असेल, तर त्याला भोंग्यानंतरही लाथ मारता येते. शोडाउनच्या चाहत्यांच्या आठवणींत या नियमाला मोठे स्थान आहे.

वैराचे मूळ. शोडाउनमध्ये पाठीराख्यांचा जो आवेश दिसतो तो 1997 मध्ये उपजला नाही. त्याची मुळे 1990 च्या हिवाळ्यात आहेत. पोर्ट ॲडलेड हा 1870 साली बंदराच्या वस्तीत स्थापन झालेला क्लब. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक लीगमध्ये त्याने 36 विजेतेपदे मिळवली. इतके सातत्याने जिंकणाऱ्या संघाला घरी भक्त आणि बाहेर शत्रू असणारच. नॉरवुड, ग्लेनेल्ग, स्टर्ट या क्लबांच्या पाठीराख्यांचे आपापसांत कितीही वाकडे असले, तरी पोर्टचा पराभव त्या सगळ्यांनाच गोड लागे.

1990 मध्ये व्हिक्टोरियाची लीग एएफएल या नावाने देशव्यापी होऊ लागली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगने तूर्त बाहेर राहायचे ठरवले होते. पोर्टने मात्र एएफएलशी परस्पर बोलणी केली. ही बातमी फुटली तेव्हा बाकीच्या क्लबांना तो सरळसरळ विश्वासघात वाटला. ग्लेनेल्ग आणि नॉरवुड न्यायालयात गेले, मनाई हुकूम आला आणि पोर्टचा प्रवेश अडला. मग लीगनेच घाईघाईने साऱ्या राज्याचा म्हणून नवा संघ उभा केला. तोच ॲडलेड क्रोज. राज्याच्या संघाचे निळा, लाल आणि सोनेरी हे रंग त्याला मिळाले आणि मार्च 1991 मध्ये तो एएफएलमध्ये उतरला. विशेष म्हणजे 1990 च्या त्याच हंगामात स्थानिक लीगच्या अंतिम सामन्यात पोर्टने ग्लेनेल्गला हरवून विजेतेपद पटकावले होते. मैदानात जिंकून कचेरीत हरल्याची ती भावना पोर्टच्या जुन्या पाठीराख्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

पोर्टला परवाना मिळाला तो 1994 च्या अखेरीस, आणि प्रत्यक्ष खेळायला 1997 उजाडले. तोवर क्रोजनी सहा हंगाम राज्याचा एकमेव संघ म्हणून मिरवले होते. शिवाय पोर्टला आपले मॅगपाय हे बोधचिन्ह आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची जर्सी सोडावी लागली, कारण मेलबर्नच्या कॉलिंगवूडचे चिन्ह आणि रंगही तेच होते. म्हणून 'पॉवर' हे नवे नाव आले आणि हिरवट निळा रंग आला.

ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर शोडाउनमधला आरडाओरडा अतिरेकी वाटू शकतो. पोर्टच्या चाहत्याच्या लेखी क्रोज हा आपली जागा बळकावण्यासाठी जन्माला घातलेला संघ आहे. क्रोजच्या चाहत्याच्या लेखी पोर्ट म्हणजे साऱ्या राज्याला डावलून स्वतःपुरते पाहणारा क्लब. क्रोजचे बहुतेक जुने चाहते मुळात नॉरवुडचे, ग्लेनेल्गचे किंवा स्टर्टचे होते. पोर्टवरचा पिढीजात राग त्यांनी नव्या रंगांसोबत आणला. त्यामुळे हा सामना वयाने लहान असला तरी त्यातले भांडण शंभर वर्षांहून जुने आहे.

चाहत्यांची घडण. पोर्टची ओळख गोदी कामगारांची, नाविकांची, वायव्येकडील कष्टकरी उपनगरांची. क्रोजची सुखवस्तू पूर्वेकडील उपनगरांची, असे ढोबळ चित्र रंगवले जाते. आज दोन्ही क्लबांचे चाहते सगळ्या थरांत आहेत, पण टोमणे अजून जुन्याच चित्रावर चालतात. पोर्टवाल्यांना रानटी आणि दात पडलेले म्हणून हिणवायचे. पोर्टवाल्यांनी उलट 'कॅमरी क्रोज' म्हणून डिवचायचे. टोयोटा हा क्रोजचा फार जुना प्रायोजक आणि कॅमरी ही त्यांची साधी, सपक मोटार. तुमच्या संघाला मुळे नाहीत, तो एका मोटारीच्या जाहिरातीपुरता आहे, असा त्या शब्दाचा डंख.

दुफळी घराघरांतून गेलेली आहे आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण एका नामांकित घराण्यातलेच आहे. ग्रॅहम कॉर्न्स हे ग्लेनेल्गचे थोर खेळाडू आणि क्रोजचे पहिले प्रशिक्षक. त्यांचे दोन्ही मुलगे, चॅड आणि केन, पोर्टकडून खेळले आणि 2004 मध्ये पोर्टने एएफएलचे पहिले विजेतेपद जिंकले त्या संघात दोघेही होते. पोर्टला ज्या क्लबांनी कोर्टात खेचले त्यातल्या एकाचा हा नायक. त्याच्या घरातून पोर्टचे दोन आधारस्तंभ निघावेत, ही गोष्ट ॲडलेडमध्ये कुणी विसरत नाही.

सामन्याचा दिवस. 1974 मध्ये खुल्या झालेल्या वेस्ट लेक्स येथील फुटबॉल पार्कवर सुरुवातीचे शोडाउन झाले. 2014 पासून ते ॲडलेड ओव्हलवर होतात. हे मैदान मराठी वाचकाला क्रिकेटमुळे परिचित असते. डिसेंबर 2003 च्या कसोटीत अजित आगरकरने इथेच दुसऱ्या डावात 41 धावांत 6 बळी घेतले आणि भारताने सामना जिंकला. दोन्ही फुटबॉल क्लबांचे घरचे मैदान हेच असल्याने शोडाउनमध्ये 'घरचा' आणि 'पाहुणा' हा फरक मुख्यतः तिकिटांच्या वाटपात उरतो. ज्याचा सामना त्याच्या सभासदांना जास्त जागा, आणि त्यामुळे मैदानाचा आवाज त्यांच्या बाजूचा.

या खेळातील पाठीराख्यांच्या पथकाचे काम जवळून पाहण्यासारखे असते. क्रेप कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडून स्वयंसेवक दोनमजली उंचीचा फलक तयार करतात, त्यावर अक्षरे कापून लावतात. यासाठी आठवड्यातल्या संध्याकाळी खर्ची पडतात. सामन्याच्या दिवशी तो दोरांनी उभा धरायचा, वारा असेल तर दहा-बारा जणांनी जीव खाऊन ओढून धरायचा. मग खेळाडू धावत येतात आणि तो मधोमध फाडून मैदानात शिरतात. काही सेकंदांत सगळे संपते आणि फलक बनवणारे त्या क्षणी सर्वांत मोठ्याने ओरडत असतात. शोडाउनच्या फलकावर प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढणारी ओळ असावी, अशी सर्वांची अपेक्षा असते.

पोर्टने 2014 पासून दोन प्रथा रुजवल्या. एक, शहराच्या मध्यवर्ती रंडल मॉलपासून मैदानापर्यंत चाहत्यांची मिरवणूक. दुसरी, सामना सुरू होण्याच्या अगदी आधी इनएक्सेस या ऑस्ट्रेलियन बँडचे 'नेव्हर टिअर अस अपार्ट' हे गाणे सगळ्यांनी मिळून गाणे, गळ्यातले स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरत. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची ही नक्कल आहे, अशी टीका क्रोजचे चाहते करतात. प्रेरणा तिकडची असेलही. पण ज्या क्लबाचे नाव, चिन्ह आणि जर्सी हिरावली गेली होती त्याच्या लोकांनी हे गाणे आपलेसे केले यात नवल नाही, आणि आता ते उसने वाटत नाही.

सामना संपला की प्रतिक्रिया रेडिओवर आणि कामाच्या ठिकाणी उतरतात. फोन घेणारे क्रीडा कार्यक्रम पंच, प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या झडतीने भरून जातात. पैज हरलेल्याने सोमवारी दुसऱ्या संघाचा स्कार्फ घालून कामावर यावे, हा शिरस्ता आहे. मोसमात संघ तळाला असो वा वरती, 'शोडाउन तरी जिंकलो' हे वाक्य दोन्हीकडे सारख्याच गांभीर्याने उच्चारले जाते.

स्मरणात राहिलेले सामने. पहिल्याच शोडाउनमध्ये 47 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर नवख्या पोर्टने 11 गुणांनी विजय मिळवला. क्रोजनी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही एएफएलचे विजेतेपद जिंकले, तरी 'पहिला आमचा' हे पोर्टवाले आजही ऐकवतात. त्यावर क्रोजचे उत्तर ठरलेले आहे : 2005 ची उपांत्य फेरी. बाद फेरीत हे संघ आजवर एकदाच भेटले आणि क्रोजनी 83 गुणांनी जिंकले. 2014 मध्ये नूतनीकृत ओव्हलवरचा पहिला शोडाउन पोर्टने 54 गुणांनी घेतला.

2018 हे वर्ष चाहत्यांच्या काळजाची परीक्षा पाहणारे ठरले. मे महिन्यात शेवटच्या मिनिटात स्टीव्हन मोटलॉपच्या गोलाने पोर्ट 5 गुणांनी जिंकले. ऑगस्टमध्ये क्रोज 3 गुणांनी जिंकले, पण जॉश जेंकिन्सचा निर्णायक गोल खांबाला चाटून गेला होता का, हा वाद पेटला. खांबाला लागला असता तर 6 ऐवजी 1 गुण, म्हणजे निकालच उलटा. पोर्टचा चाहता त्या सामन्याचा निकाल आजही सहजासहजी मान्य करत नाही. 1 एप्रिल 2022 च्या सामन्यात पोर्ट 2 गुणांनी पुढे असताना भोंगा वाजला. चेंडू होता त्याच हंगामात क्रोजकडे आलेल्या जॉर्डन डॉसनच्या हाती, सीमारेषेजवळ, तिरक्या कोनात. त्याने डाव्या पायाने गोल केला आणि क्रोज 4 गुणांनी जिंकले. मैदानाचा एक भाग उसळला आणि दुसरा जागच्या जागी खिळला, हे दृश्य चित्रफितीत आजही पाहायला मिळते.

या यादीत 19 जुलै 2015 चा सामना वेगळा ठेवावा लागतो. क्रोजचे प्रशिक्षक फिल वॉल्श यांची 3 जुलैला त्यांच्या घरी हत्या झाली होती. वॉल्श यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे पोर्टमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले होते, 2004 च्या विजेतेपदातही त्यांचा वाटा होता. त्यामुळे दुःख दोन्ही घरांचे होते. चाहत्यांनी फुलांसोबत आपापल्या क्लबांचे स्कार्फ आणून ठेवले. सामना क्रोजनी 3 गुणांनी जिंकला. सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाला त्या दिवशी वॉल्श यांचे नाव दिले होते आणि ते स्कॉट थॉम्प्सनला मिळाले. इतक्या चुरशीच्या शोडाउननंतर एकमेकांना डिवचण्याची कुणाला इच्छा झाली नाही, असा तो एकमेव प्रसंग म्हणता येईल.

वर्णद्वेष. ऑगस्ट 2016 च्या शोडाउनमध्ये पोर्टच्या एका प्रेक्षकाने क्रोजचा आदिवासी खेळाडू एडी बेट्स याच्या दिशेने केळे भिरकावले. बेट्स हा मैदानाच्या कोपऱ्यातून अशक्य वाटणारे गोल करणारा, दोन्हीकडच्या मुलांचा लाडका. पोर्टने त्या व्यक्तीचे सभासदत्व काढून घेतले आणि जाहीर निषेध केला. तरी पुढच्याच वर्षीच्या शोडाउनमध्ये बेट्सला पुन्हा वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. गॅव्हिन वांगनीन, बायरन पिकेट, पीटर आणि शॉन बर्गॉइन अशा आदिवासी खेळाडूंच्या जिवावर पोर्टने आपले वैभव उभारले आहे. त्या क्लबाच्या गर्दीतून हे घडावे ही गोष्ट त्याच्याच असंख्य पाठीराख्यांना लागली आणि त्यांनी तसे उघड सांगितले. स्थानिक वैराचा भाग म्हणून अशा वागण्याकडे काणाडोळा करता येत नाही. टोमणा आणि अपमान यांतली रेषा इथे स्पष्ट होती आणि ती ओलांडली गेली.

जुन्या जर्सीचा प्रश्न. काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांची, तुरुंगाच्या गजांसारखी दिसणारी म्हणून 'प्रिझन बार' म्हटली जाणारी जर्सी शोडाउनमध्ये घालता यावी, यासाठी पोर्टचे चाहते वर्षानुवर्षे झगडले. क्लबाच्या 150 व्या वर्षात, 13 जून 2020 रोजी ती परवानगी मिळाली आणि पोर्टने 75 गुणांनी विजय मिळवला. कोविडच्या निर्बंधांमुळे तो पाहायला मैदानात जेमतेम 2,240 जण होते. पुढच्या वर्षी एएफएलने नकार दिला आणि जर्सी घातल्यास गुण कापण्याचा इशाराही दिला. पोर्टच्या खेळाडूंनी नेहमीच्या पोशाखात सामना जिंकला, ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर जुनी जर्सी चढवली आणि मग क्लबगीत म्हटले. 2023 मध्ये कॉलिंगवूडशी तोडगा निघून शोडाउनपुरती तिला मुभा मिळाली.

महिलांचा शोडाउन. पोर्टचा महिला संघ 2022 मध्ये उतरला आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरला ॲडलेड ओव्हलवर महिलांचा पहिला शोडाउन झाला. क्रोजनी तो 60 गुणांनी जिंकला. प्रेक्षक 20 हजारांवर होते. पोर्टची कर्णधार होती एरिन फिलिप्स. तिचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्टच्या इतिहासातले मानाचे खेळाडू, पण ती खेळू लागली तेव्हा पोर्टला महिला संघच नव्हता. म्हणून ती क्रोजकडे गेली आणि त्यांना तीन विजेतेपदे मिळवून देणाऱ्या संघांत राहिली. त्या रात्री ती वडिलांच्या रंगात, आपल्याच जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध मैदानात उतरली. ती गेल्याचे वाईट वाटले, पण ती तिच्या घरी गेली, असे क्रोजचेही पुष्कळ चाहते मोकळेपणाने म्हणत होते.