वेंगुर्ला रोडचे दुसरे टोक

बेळगावहून हिंडलगा, सुळगा मागे टाकून आपण उचगाव फाट्यावर येतो, त्या रस्त्याला आपण वेंगुर्ला रोड म्हणतो. रोज शंभरदा तोंडी येणारे हे नाव. पण वाचकहो, हा रस्ता वेंगुर्ल्याच्या नावाने का ओळखला जावा, कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या नावाने का नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? आपल्या भागाचा इतिहास सांगताना आपली नजर नेहमी घाटमाथ्यावरून पुण्याकडे वळते. समुद्राकडे वळत नाही. माझ्या मते ही आपली मोठी चूक आहे, कारण कित्येक पिढ्या बेळगावचे खरे दार पश्चिमेला, सव्वाशे किलोमीटरवर, वेंगुर्ल्याच्या बंदरात होते.

सतराव्या शतकात वेंगुर्ले आणि बेळगाव दोन्ही विजापूरच्या आदिलशाहीत होते. 1638 च्या सुमारास वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, तिथे वखार घातली. हेतू निव्वळ व्यापाराचा नव्हता. गोव्याचे पोर्तुगीज हे त्यांचे वैरी, आणि गोव्याची नाकेबंदी करायची तर जवळपास पाणी, तांदूळ आणि आसरा देणारे बंदर हवे. पॅरिसमध्ये जन्मलेला रत्नांचा व्यापारी टॅव्हर्निअर 1648 च्या आरंभी सुरतेहून डच जहाजाने वेंगुर्ल्याला उतरला. त्याने हे गाव चांगले लांबलचक असल्याचे आणि जहाजे नांगरायला उत्तम असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच्या लिखाणात नाव पडले ‘मिंग्रेला’. आपल्या गावांच्या नावांची परक्यांनी काय दशा केली, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल! त्या वखारीच्या दगडी भिंती आज भग्न उभ्या आहेत आणि त्यांच्यावर झाडे वाढली आहेत. झाडाचे मूळ एकदा भिंतीत शिरले की ते काढताना भिंत पडते आणि ठेवले तरी पडते. जुनाट रोगासारखेच ते. वेळीच लक्ष द्यावे लागते.

1812 साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगावात लष्करी छावणी आली आणि या बंदराचे महत्त्व एकदम वाढले. मुंबईहून यायचे ते समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरायचे आणि तिथून घाट चढायचा. आधी रामघाट होता, फार उभा. बैलांचा जीव घेणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीवरून पारपोलीचा घाट गाडीरस्त्यासाठी बांधला गेला, तेव्हा बैलगाड्यांच्या रांगा सुरू झाल्या. वर यायचे मीठ, नारळ, सुपारी, आमसुले, सुकी मासळी. खाली जायचे धान्य, गूळ, मिरची, तंबाखू आणि धारवाडकडचा कापूस. आमच्या जैन घरांचा यातल्या मासळीशी संबंध तिच्या वासापुरता; पण आमटीतले मीठ आणि आमसूल मात्र त्याच गाड्यांतून आलेले, हे विसरून चालणार नाही.

या वैभवाला घरघर लागली ती रेल्वेने. 1880 च्या दशकात लोहमार्ग बेळगावला पोचला आणि लोंढ्यावरून मुरगावला जाऊन भिडला. जो माल दिवसचे दिवस घाटात रखडायचा तो रेल्वेने सरळ मुरगावला जाऊ लागला. कुणी लढाई केली नाही, कुणी बंदर जाळले नाही. पेठ नुसती शांत होत गेली.

तरी गाव मेले नाही. 1876 मध्ये स्थापन झालेली नगरपालिका आजही चालू आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा दिला, आणि ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती तर आपल्या चंदगडच्या डोंगरांपर्यंत चढल्या. काजूच्या टरफलातले तेल बी सोलणाऱ्या बायकांचे हात भाजते. त्याच काजूपासून आमच्या होमिओपॅथीत त्वचेच्या विकारांवर औषध करतात, आणि समुद्रातल्या माकुलाच्या शाईपासून ‘सेपिया’. वेंगुर्ल्याच्या बाजारात माकूल पाहून नाक मुरडणारा माझ्यासारखा माणूस दवाखान्यात रोज त्याचेच नाव लिहितो.

वेंगुर्ले तालुक्याने मराठी वाचकाला काय दिले, हेही इथे सांगायला हवे. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे पुष्कळसे लेखन तिथलेच. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या स्वयंपाकघरात ज्या किनाऱ्याचे मीठ येत होते, तिथे मूठभर मिठासाठी माणसे लाठ्या खात होती. जयवंत दळवी शेजारच्या आरवलीचे. तिथल्या वेतोबाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार रंगतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, मग आख्यान. नटांचे संवाद लिहिलेले नसतात. प्रसंग ठरलेला, बोलणे ज्याच्या त्याच्या बुद्धीवर. आपल्याकडच्या शिक्षित मंडळींनी हे नाटक पुरेसे पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, बेळगाव आणि उचगाव म्हैसूर राज्यात गेले. वेंगुर्ला रोडवर तुरमुरी, बाची ओलांडली की शिनोळीला हद्द लागते. सीमाप्रश्न मला इथे मांडायचा नाही. तो तुमच्या-माझ्या घरात रोज मांडला जातो. पण त्या रेषेने एक गोष्ट घडली. आमची मुले कन्नड-इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हम्पी शिकतात, पलीकडची मुले रायगड शिकतात, आणि दोघांना जोडणारा हा रस्ता दोन्ही पुस्तकांत नाही. ज्या घरांत गाडीवाटेने व्यापार झाला, त्या घरांत जुन्या चोपड्या, हुंड्या, जकातीच्या पावत्या असतील. घर पाडून स्लॅब टाकताना त्या बंबात जातात. तुमच्या माळ्यावर असे गाठोडे असेल तर ते उघडा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे अजून सापडतात, पण त्यांची वये माझ्याहून जास्त आहेत.

उचगावची रताळी आणि बटाटे आजही याच रस्त्याने टेम्पो भरभरून आंबोली उतरतात.