तबकडीची साक्ष

संगीतकोशाच्या नोंदी तपासायला बसले की एक वाक्य हमखास कानावर येतं : "बाई, सगळीकडे हेच लिहिलंय." जाणते नोंदलेखकही हेच सांगतात. माझा अनुभव असा, की जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते बहुधा कुणीतरी एकदाच लिहिलेलं असतं. बाकीच्यांनी फक्त री ओढलेली असते.

गौहर जानचंच घ्या. भारतातली पहिली ध्वनिमुद्रिका तिची, हे प्रश्नमंजूषेपासून दिवाळी अंकापर्यंत कुठंही वाचायला मिळेल. १९०२ साली ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात यंत्र मांडून बसला होता. ८ नोव्हेंबरला त्यानं मुद्रण सुरू केलं ते शशिमुखी आणि फणिबाला यांच्या गाण्यानं. या दोघी क्लासिक थिएटरातल्या पोरसवदा नटी. गौहर जान आली ती त्यानंतर काही दिवसांनी. गैसबर्गच्या रोजनिशीत या मुलींचा उल्लेख आहे, पण त्यांचे आवाज काही त्याला रुचले नव्हते. पुढं १९४२ साली त्यानं आठवणींचं पुस्तक छापलं, तेव्हा गौहरचा थाटमाट मात्र रंगवून सांगितला. पुस्तक लोकांनी वाचलं. रोजनिशी कोण उघडतो?

तारखेच्या प्रश्नाला त्याच दिवशी लिहिलेली चार रुक्ष वाक्यं चाळीस वर्षांनंतरच्या खुमासदार प्रकरणापेक्षा भारी पडतात. गौहरचा दबदबा केवढा होता, हे मात्र त्या प्रकरणातूनच कळतं. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकानं कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची यादी क्रमवार बांधली. ती पॉप्युलर प्रकाशनानं १९९४ साली मुंबईत छापली. तिच्या नावातलं पहिलं साल आहे १८९९, कारण लंडनमध्ये काही हिंदी माणसांचे आवाज त्या साली मुद्रित झाले होते. म्हणजे 'भारतातली पहिली' म्हणायचं की 'भारतीयांची पहिली', हेही नोंदलेखकानं आधी ठरवायला हवं.

जुनी लाखेची तबकडी हातात घेतली की मी लेबलाकडे नंतर बघते. शेवटची चरी संपते आणि लेबल सुरू होतं, त्यांच्या मधल्या काळ्या पट्टीत एक क्रमांक असतो. दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की तो उमटून दिसतो. हा मॅट्रिक्स नंबर. लेबल कारखान्यात छापून चिकटवलेलं. त्यावर गायिकेच्या नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं, रागाचं नाव कधी भलतंच, आणि तीच तबकडी पुन्हा काढली की लेबल नवं. क्रमांक मात्र मूळ मुद्रणाशी बांधलेला. तरी त्यावरून राग कळत नाही, तो कानानंच ठरवावा लागतो. गौहर गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात ओळख पटावी म्हणून, असं सगळे लिहितात. असेलही. पण नाव पुकारायची रीत अमेरिकेत मेणाच्या नळकांड्यांच्या काळापासून होती, आणि ओळखीसाठी क्रमांक होताच. त्यामुळे 'असे सांगितले जाते' हे शब्द मी तिथं खोडू देत नाही.

आपल्या नाट्यसंगीतात तर लेबलावर विसंबलात तर फसलातच. तिथं पदाचे पहिले शब्द, नाटकाचं नाव आणि गाणाऱ्याचं नाव. कवी आणि चाल देणारा बऱ्याचदा गायब. मग 'एकच प्याला' नाटक गडकऱ्यांचं, म्हणून पदंही गडकऱ्यांची, असा हिशेब होतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि चालींसाठी गंधर्व नाटक मंडळी सुंदराबाई जाधवांकडे गेली. बालगंधर्वांच्या आवाजानं बाकीची सगळी नावं झाकून टाकली. सुंदराबाई पुण्याच्या नावाजलेल्या गायिका, तरी त्यांचं नाव नोंदीत घालायला सुचवावं लागतं, याचा मला रागच येतो.

सगळ्यात कठीण नोंद गायक अल्लादिया खाँसाहेबांची. त्यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. म्हातारपणी त्यांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत आठवणी सांगितल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर २००० साली आलं. आमलेटा दरबारात रोज तासन्‌तास गावं लागून आवाज गेला आणि पुढं त्यातूनच वेगळी गायकी घडली, ही हकीकत ढीगभर पुस्तकांत आहे. पण ती शेवटी येते खाँसाहेबांच्याच तोंडून. पुस्तकं ढीगभर, साक्षीदार एक. घराणं मूळचं ब्राह्मण, हेही त्यांचंच सांगणं. वंशावळीला एवढा पुरावा लंगडा आहे. पण घराण्यातले लोक स्वतःला काय समजत, याला दुसरा पुरावा हवाच कशाला?

गोविंदराव टेंबे त्यांच्या निकट वावरलेले आणि स्वतः पेटीवादक, संगीतकार. मैफलीत बसून जे ऐकलं त्याबद्दल टेंबे लिहितात तेव्हा मी पेन खाली ठेवते. खाँसाहेबांच्या तरुणपणाबद्दल लिहितात तेव्हा ते आपल्यासारखेच श्रोते असतात, आणि मी समासात प्रश्नचिन्ह काढते. राहिली गायकी. ती ऐकायची ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्यांतून, म्हणजे तासाभराची बढत तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेली आणि तीही शिष्यांच्या गळ्यातून. म्हणून त्या परिच्छेदाच्या आरंभी मी 'शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून' एवढं आधी घालून घेते आणि मगच नोंदलेखकाला लयीच्या पेचांवर हवं तेवढं लिहू देते.