ध्रुव आणि प्लवक

परवा एका विज्ञानलेखाचे मुद्रितशोधन करताना 'ध्रुवीय प्राणिप्लवक' या शब्दांपाशी पेन्सिल थांबली. चूक काहीच नव्हती. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, जोडून लिहायचे ते जोडलेले. तरीही काहीतरी खटकत होते. मग ध्यानात आले : ध्रुव म्हणजे जो हलत नाही तो, आणि प्लवक म्हणजे जो तरंगत जातो तो. अढळाला आणि वाहत्याला एकाच दाव्याला बांधले होते. लेख होता उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरील फियॉर्डमधले पाणी तापत चालल्याबद्दल. तो वाचून होईपर्यंत या दोघांत खरे कोण वागते आहे, असा प्रश्न पडला.

आधी प्लवकाकडे वळू, कारण त्याचे घराणे मोठे आहे. संस्कृतातला 'प्लु' धातू तरंगण्याचा, पोहण्याचा आणि उडी मारण्याचाही. 'प्लव' म्हणजे तराफा, होडी. 'प्लवंग' म्हणजे उड्या मारीत जाणारा, बेडूक किंवा माकड. आपल्या साठ संवत्सरांत हे दोघेही आहेत. शके १९४३ हे प्लव संवत्सर होते, शके १९४९ ला प्लवंग येईल. होडीतून उतरलो की सहा वर्षांनी माकडाशी गाठ, हे पाडव्याला पंचांग वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. व्याकरणात ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे तीन मात्रांचा 'प्लुत' स्वर आहे. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण ताणतो तो. 'ओ३म्' मधला तीनाचा आकडा ही त्याचीच खूण. आणि राज्य उलटेपालटे झाले, की 'विप्लव'.

आता 'प्लँक्टन', म्हणजे ज्याला आपण प्लवक म्हणतो त्याचे पाश्चात्त्य नाव. हा शब्द कील येथील जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्झेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. प्लवक आणि प्लँक्टन, दोन्हींत 'प्ल', दोन्ही पाण्यातले. तेव्हा एकाच आईची लेकरे म्हणावीत असा मोह होतो. पण ती जुळी नव्हेत, सख्खीही नव्हेत. ग्रीक 'प्लांक्टोस' म्हणजे भरकटलेला. त्याच्या मुळाशी अर्थ आहे फटका मारण्याचा, फटका देऊन वाटेवरून हुसकण्याचा. होमरचा ओडिसियस ट्रॉयहून निघून समुद्रावर भरकटला, ते सांगायलाही हेच क्रियापद येते. लॅटिनमध्ये याच मुळापासून छाती बडवून शोक करण्याचा शब्द निघाला. म्हणजे ग्रीकांचा प्लँक्टन हा लाटेचे तडाखे खात भरकटणारा, आणि आपला प्लवक तरंगणारा, वेळ पडली तर उडी मारणारा.

या दोन नावांपैकी बरोबर कोणते, ते त्या जीवाकडे जवळून पाहिले की कळते. उत्तर ध्रुवाकडच्या फियॉर्डमध्ये 'कॅलॅनस' नावाचे कवचधारी जीव अमाप असतात. लांबी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. पारदर्शक अंगात तेलाची एक लांबट पिशवी चकाकते, आणि अंगाएवढ्याच लांब दोन मिशा आडव्या पसरलेल्या असतात. एरवी तो पाण्यात लोंबकळत असतो. पण जवळपास पाणी जरा हलले, की मिशा अंगाशी मिटतात, पाय एकामागून एक मागे फेकले जातात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत स्वारी दुसरीकडे. ही शुद्ध मंडूकप्लुती! शिवाय हा जीव दिवसाच्या आणि ऋतूच्या हिशेबाने खोल उतरतो, वर येतो. आडव्या प्रवाहापुढे त्याचे काही चालत नाही, उभ्या वाटेवर मात्र तो आपल्या मर्जीचा. ग्रीक शब्दात त्याची फक्त असहायता आली. संस्कृत धातूत तरंगणे आणि उडी दोन्ही आली. ठरवून नव्हे, योगायोगाने.

त्याच्या गोताचे नाव कोपेपॉड. 'कोपे' म्हणजे वल्हे, 'पॉड' म्हणजे पाय. हा 'पॉड' आणि आपला 'पाद' मात्र खरे भाऊ. वल्ह्याला संस्कृतात 'अरित्र' म्हणतात. तेव्हा या जीवाला अरित्रपाद म्हणावे. नावाप्रमाणे तो खरोखरच वल्हवतो.

'कॅलॅनस' वाचले की आणखी एक आठवण होते. अलेक्झांडरबरोबर तक्षशिलेहून गेलेला आणि पुढे इराणात आपणहून चितेवर चढलेला भारतीय तपस्वी ग्रीकांनी 'कालानोस' या नावाने नोंदवला. लॅटिन लेखक त्याचे नाव याच अक्षरांत लिहितात. नात्याचा दावा मी करत नाही. पण हा इवलासा कॅलॅनसही हिवाळाभर खोल पाण्यात, काही न खाता, साठवलेल्या तेलावर महिनोन्महिने काढतो. नाव शोभते खरे.

शास्त्रज्ञांनी या कुळातल्या तिघांना ठेवलेली नावे म्हणजे गावाचे पत्तेच आहेत. 'फिनमार्किकस' हा नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतावरून. योहान एर्न्स्ट गुन्नेरुस या बिशपने १७७० मध्ये त्याचे वर्णन केले. 'ग्लेशियालिस' म्हणजे बर्फाळ. 'हायपरबोरियस' म्हणजे उत्तरवाऱ्याच्याही पलीकडचा. नॉर्वेच्या कोळ्यांनी मात्र फिनमार्किकसला पत्त्याऐवजी उपयोगावरून हाक मारली : 'रेउडोते'. 'रेउड' म्हणजे लाल, 'ओते' म्हणजे माशांचे खाणे. यातला लाल आपल्या 'रुधिरा'च्या कुळातला आणि खाणे आपल्या 'अद्' धातूच्या, म्हणजे अन्नाच्या, कुळातले. उत्तर समुद्रातल्या कणीएवढ्या जीवाच्या नावात रक्त आणि अन्न दोन्ही ओळखीची निघावीत! 'क्रिल'ही मूळचा नॉर्वेजियन, अर्थ माशांची बारीक पिल्ले. आपल्या कोकणातला जवळा याच रांगेतला. तोही प्रवाहाबरोबर फिरणारा जीव, शास्त्रही त्याला प्लवकांत धरते. पण कोळणीच्या टोपलीत तो प्लवक नसतो, जवळाच असतो.

आता फियॉर्ड. हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत समुद्र शिरला की फियॉर्ड होतो. म्हणून आपला 'खाडी' हा शब्द तिथे चालत नाही. शब्दाचे मूळ मात्र पलीकडे जाण्याचे आहे, आणि तिथेच आपले 'पार' आणि 'पारयति' सापडतात. काही फियॉर्डच्या तोंडाशी समुद्रतळावर एक आडवा उंचवटा असतो. नॉर्वेजियनमध्ये त्याला जो शब्द आहे तोच घराच्या दाराशीही वापरतात : उंबरठा. सगळी गोष्ट या उंबरठ्यापाशी फिरते. स्वालबार्डमधल्या बिलेफियॉर्डला उंबरठा आहे, म्हणून हिवाळ्यात गारठलेले पाणी तळाशी टिकून राहते आणि ग्लेशियालिसचे घर शाबूत असते. कॉन्ग्सफियॉर्डला, म्हणजे राजाच्या फियॉर्डला, असा अडसर नाही. पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाहाचे उबदार अटलांटिक पाणी सरळ आत येते, आणि त्याच्याबरोबर फिनमार्किकस. याच फियॉर्डच्या काठी न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' संशोधनकेंद्र आहे. २०१४ मध्ये तिथल्या पाण्यात तापमान आणि क्षारता मोजणारी 'इंडआर्क' ही उपकरणांची माळ सोडली गेली. हा सगळा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो.

पाणी तापल्याने नेमके काय बिघडते? ग्लेशियालिसचे वर्ष दोन पंगतींवर बेतलेले असते. वसंतात समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला शैवल धरते. ती पहिली पंगत, तिच्यावर माद्या अंडी घालतात. पुढे बर्फ फुटून ऊन पाण्यात शिरते आणि वनस्पतिप्लवकांचा बहर येतो. ती दुसरी पंगत पिल्लांची. बर्फच धरला नाही, तर पहिले पान वाढलेच जात नाही, आणि दुसरे अवेळी वाढले जाते. फिनमार्किकसला बर्फाची गरज नाही, त्याचे जीवनचक्रही आटोपशीर. पण तो लहान आणि त्याच्या अंगी तेल कमी. लिटल ऑक नावाच्या पक्ष्याला दिवसाला सुमारे ६० हजार असे जीव लागतात. त्याच्या लेखी लाडूच्या जागी चुरमुरे आले.

आणि इथे नावेच फसवू लागतात. वर्षानुवर्षे ग्लेशियालिस आणि फिनमार्किकस या दोघांना लांबीवरून ओळखत. जनुकतपासणी झाली तेव्हा नॉर्वेच्या फियॉर्डमधले कितीतरी 'फिनमार्किकस' चणीने लहान ग्लेशियालिसच निघाले. म्हणजे पाहुणे किती आले आणि घरचे किती उरले, ही मोजदादही पुन्हा तपासावी लागते. इसफियॉर्डचे नाव 'बर्फाचा फियॉर्ड'. २००६ नंतर त्याच्या मुख्य भागात हिवाळी बर्फ जेमतेमच धरतो. त्याच्याच तोंडाशी २००४ मध्ये निळे मसल सापडले, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांचे भाईबंद. स्वालबार्डमधून ते सुमारे हजार वर्षे नाहीसे होते. 'स्वालबार्ड' या जुन्या नॉर्स नावाचा अर्थ थंड काठ.

तर ध्रुव आणि प्लवक या दोघांत खरे कोण? प्लवक आपल्या धातूला जागतो आहे. पाणी नेईल तिकडे जातो, जमेल तेव्हा उडी मारतो. घसरला आहे तो ध्रुव. पण ध्रुवालाही दोष का द्यावा? अपादान कारक सांगताना पाणिनीने हाच शब्द घेतला : एखादी वस्तू दूर जाते तेव्हा जे जागच्या जागी राहते, ते ध्रुव. त्यावर वैयाकरणांनी धावत्या घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराचा प्रश्न काढला. घोडा तर धावतो आहे, मग तो ध्रुव कसा? उत्तर असे, की पडण्यापुरता घोडा ध्रुव. हिशेब मांडायला एक टोक धरून ठेवायचे, एवढेच. ते टोक खरोखर थांबले आहे असे कुणी म्हटले नव्हते.

प्रुफात मी शब्द बदलला नाही. फक्त समासात बारीक अक्षरात लिहिले : 'घोडा धावतो आहे.' संध्याकाळी संपादकांचा फोन आला, "अहो, हे वाक्य कोणत्या परिच्छेदात घालायचे?"